ब्रेक्झिटनंतर स्थलांतर वाढले कसे, आणि नुकसान नेमके कुठे झाले?

प्रश्न असा आहे: परदेशी माणसांची आवक कमी करायची म्हणून ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, मग २०२३ मध्ये ती आवक आजवरची सर्वाधिक कशी झाली? संघाशी करार झाला, आयातशुल्कही शून्य राहिले, तरी अर्थव्यवस्थेचे नुकसान झाले असे का म्हणतात? आणि पोर्तुगीज पासपोर्टवर तिकडे गेलेल्या गोवेकरांचे आता काय?

आधी माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये किती परदेशी माणसे यावीत याच्या बऱ्याच किल्ल्या सदस्य असतानाही लंडनच्याच हातात होत्या, आणि बाहेर पडल्यावर तिथल्याच सरकारने कुलपे सैल केली. आर्थिक नुकसान खरे आहे, पण शुल्काच्या दरांत शोधायला गेलात तर ते सापडणार नाही. ते सीमेवरच्या कागदपत्रांत आहे. भांडणातला कुठलाही दावा समोर आला की एवढेच विचारावे: हा निर्णय सदस्य असताना कोणाच्या हातात होता, आणि नंतर ज्याच्या हातात आला त्याने काय केले?

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने आणि ४८.१ टक्के लोकांनी राहण्याच्या बाजूने मत दिले. मतपत्रिकेवर पर्याय दोनच होते. पण संघाचे सदस्यत्व ही एकसंध गोष्ट नव्हती, तिच्यात तीन थर होते. पहिला राजकीय सदस्यत्वाचा. दुसरा एकल बाजारपेठेचा, म्हणजे माल, सेवा, भांडवल आणि माणसे यांना एकाच नियमावलीखाली मोकळी ये-जा. तिसरा सीमाशुल्क संघाचा, म्हणजे आत शुल्क नाही आणि बाहेरच्या जगासाठी सगळ्यांचा दर एक. नॉर्वे संघात नाही, पण एकल बाजारपेठेत आहे. तुर्कस्तान संघात नाही, पण औद्योगिक मालापुरता सीमाशुल्क संघात आहे. मतदाराला यातला कुठला थर सोडायचा आहे हे कोणी विचारलेच नव्हते. १७ जानेवारी २०१७ रोजी लँकेस्टर हाउसमधल्या भाषणात पंतप्रधान थेरेसा मे यांनी एकल बाजारपेठ सोडण्याचे जाहीर केले. कारण सरळ होते: त्या बाजारपेठेत राहायचे तर माणसांची मुक्त ये-जा मान्य करावीच लागते. म्हणजे अर्थव्यवस्थेवरचा सर्वात मोठा निर्णय स्थलांतराच्या प्रश्नावरून झाला. हे दोन विषय वेगळे काढून वाद घालणाऱ्यांची गल्लत इथूनच सुरू होते.

तारखांचीही एक गल्लत कायम होते. प्रत्यक्ष सदस्यत्व ३१ जानेवारी २०२० ला संपले, पण संक्रमणकाळामुळे व्यापाराचे आणि प्रवासाचे जुने नियम ३१ डिसेंबर २०२० पर्यंत लागू होते. २०१६ ते २०२० या काळात बदलले ते पौंडाचे मूल्य आणि गुंतवणूकदारांचा विश्वास. सार्वमताच्या रात्री पौंड कोसळला, आयात महागली, आणि उद्योगांची गुंतवणूक पुढची काही वर्षे रेंगाळली. सीमेवरचे परिणाम जानेवारी २०२१ पासूनचे, आणि ते नेमके महामारीच्या परिणामांत मिसळले. म्हणून एकच वाढता किंवा घसरता आलेख दाखवून कोणी निकाल लावत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

आता कागदांकडे येऊ. २४ डिसेंबर २०२० ला झालेल्या करारात शुल्क शून्य आणि मालाच्या प्रमाणावर मर्यादाही नाही, हे खरे. पण ती सवलत फक्त ब्रिटन किंवा संघ इथल्या 'मूळच्या' मालाला मिळते. चीनमध्ये शिवलेला शर्ट लेस्टरच्या गोदामात आला आणि तिथून डब्लिनच्या दुकानात गेला, तर तो ब्रिटिश मूळचा ठरत नाही. ब्रिटनमध्ये एकदा शुल्क भरलेले असते, आणि आयर्लंडमध्ये शिरताना युरोपीय संघाचे साधारण १२ टक्के पुन्हा भरावे लागतात. नुसती घडी घालून, लेबल लावून, पाकीट बदलून मूळ देश बदलत नाही. मार्क्स अँड स्पेन्सरने जानेवारी २०२१ मध्ये जाहीरपणे मांडलेली अडचण हीच होती: जर्मनीत बनवून ब्रिटनमध्ये आणलेली त्यांची गोळ्यांची पाकिटे आयर्लंडला पाठवताना शुल्काच्या कचाट्यात सापडत होती. यावर उपाय आहे. माल बॉन्डेड गोदामात ठेवायचा, ब्रिटनमधले शुल्क भरायचेच नाही, आणि ट्रान्झिटच्या कागदांवर थेट पुढे पाठवायचा. पण त्यासाठी परवाना, हमी आणि हिशेब ठेवणारा माणूस लागतो. मोठ्या कंपनीला हे परवडते, चार माणसांच्या धंद्याला नाही.

मोटारींचे गणित याहून बारीक आहे. पेट्रोल मोटारीत बाहेरच्या देशांतले सुटे भाग किमतीच्या ४५ टक्क्यांपर्यंत चालतात, त्यावर गेले तर संघात १० टक्के शुल्क. विजेवरच्या मोटारीत बॅटरीच एवढी महाग की ती आशियातून आणली तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून कडक नियम २०२६ अखेरपर्यंत पुढे ढकलावे लागले. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा समूहाने सॉमरसेटमध्ये ४० गिगावॉट-तास क्षमतेचा बॅटरी कारखाना उभारण्याची घोषणा जुलै २०२३ मध्ये केली, आकडा ४ अब्ज पौंडांच्या वर. जॅग्वार लँड रोव्हर टाटांचीच. तिच्या विजेवरच्या गाड्यांना युरोपात शुल्कमुक्त जायचे असेल तर बॅटरी जवळपासचीच हवी. त्या कारखान्याला ब्रिटिश सरकारने भरघोस मदत का देऊ केली, हे या नियमाशिवाय नीट कळत नाही.

सर्वात जास्त भरडला गेला तो खाद्यपदार्थ निर्यात करणारा छोटा उत्पादक. एका ट्रकमध्ये वीस जणांचा माल एकत्र भरून फ्रान्सला पाठवायचा, ही जुनी स्वस्त पद्धत. आता त्यातल्या प्रत्येक प्राणिजन्य मालाला आरोग्य प्रमाणपत्र लागते. सरकारमान्य पशुवैद्य माल तपासतो, पानापानावर सही-शिक्का मारतो. प्रमाणपत्र ज्या देशात माल शिरणार तिथल्या भाषेतही लागते. ट्रकच्या सीलचा क्रमांक, बिलावरचे वर्णन आणि प्रमाणपत्रावरचे वर्णन तंतोतंत जुळावे लागते, आणि माल पोहोचण्याआधी संघाच्या संगणकप्रणालीत त्याची आगाऊ नोंद करावी लागते. वीस जणांपैकी एकाच्या कागदावर शाईचा रंग किंवा एक आकडा चुकला, तर उरलेल्या एकोणीस जणांचे चीज आणि मांसाचे पदार्थ फ्रान्समधल्या कॅले बंदराच्या आवारात उभे राहतात. शिवाय प्रमाणपत्राचा खर्च वजनावर ठरत नाही. वीस टन चीजला जेवढा, जवळपास तेवढाच वीस किलोला. मुंबईच्या जकात नाक्यांवर, ते २०१७ मध्ये बंद होईपर्यंत, ट्रकवाल्याला पावतीच्या रकमेपेक्षा रांगेतला वेळ महाग पडायचा, तसाच हा प्रकार आहे. परिणाम असा की अनेक छोट्या निर्यातदारांनी युरोपला माल पाठवणेच बंद केले. शिंपल्यांचा धंदा तर एका फटक्यात बसला: काही किनाऱ्यांवरचे जिवंत शिंपले शुद्ध न करता संघात पाठवायला बंदी झाली, कारण बाहेरच्या देशांना तो नियम आधीपासून होता आणि ब्रिटन आता 'बाहेरचा' झाला होता. ज्या मासेमारी गावांनी बाहेर पडण्यासाठी जीव तोडून प्रचार केला, त्यांच्याच वाट्याला हे आले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ज्यांना आजही तिकडून युरोपात माल पाठवायचा आहे त्यांच्या चुका ठरलेल्या असतात. इओरी, म्हणजे सीमाशुल्क खात्याकडचा व्यापाऱ्याचा नोंदणी क्रमांक, नसतो किंवा चुकीचा असतो. मालाचा कमोडिटी कोड, म्हणजे ज्यावरून शुल्काचा दर ठरतो तो वर्गवारीचा क्रमांक, अंदाजाने टाकलेला असतो. बिलावर मूळ देशाचे ठरावीक शब्दांतले निवेदन नसते, मग माल ब्रिटनमध्ये बनलेला असूनही शुल्क लागते. आणि सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे माल 'डीएपी' अटीवर पाठवणे: कर आणि हाताळणीचे पैसे जर्मनीतल्या ग्राहकाच्या दारात कुरिअरवाला मागतो, ग्राहक पार्सल नाकारतो, आणि परतीचा खर्च विक्रेत्याच्या डोक्यावर बसतो. किरकोळ विक्री असेल तर 'डीडीपी', म्हणजे कर विक्रेत्यानेच भरण्याची, अट घ्यावी आणि १५० युरोपर्यंतच्या पार्सलसाठी आयओएसएस, म्हणजे ऑनलाइन विक्रीवरच्या संघातल्या कराची एकत्रित नोंदणी, करून कर आधीच वसूल करावा.

ब्रिटनने स्वतःच्या सीमेवरची तपासणी मात्र पुन्हापुन्हा लांबवली. खाद्यपदार्थांच्या प्रत्यक्ष तपासण्या एप्रिल २०२४ अखेरीस सुरू झाल्या. म्हणजे तीन वर्षांहून जास्त काळ युरोपचा शेतकरी ब्रिटनमध्ये जवळपास विनातपासणी माल पाठवत होता आणि ब्रिटिश शेतकरी मात्र कॅलेला रांगेत होता. स्वतःच्या उत्पादकाशी असे कोणते सरकार वागते?

एकूण नुकसान किती? सरकारच्या अर्थसंकल्पाची स्वतंत्र छाननी करणाऱ्या ओबीआर या संस्थेचे गृहीतक असे की सदस्य राहिले असते त्या तुलनेत दीर्घकाळात उत्पादकता ४ टक्क्यांनी आणि व्यापाराचे प्रमाण १५ टक्क्यांनी कमी राहील. हा मोजलेला आकडा नाही, तुलनेतून काढलेला अंदाज आहे. 'राहिले असते तर' हा देश कुठे अस्तित्वात नाही, त्यामुळे वाद राहणारच. पण तो नाकारणाऱ्यांनी पर्यायी लाभ दाखवायला हवा. ब्रिटिश सरकारच्याच अंदाजानुसार प्रशांत महासागरी देशांच्या सीपीटीपीपी करारातून राष्ट्रीय उत्पन्नात ०.०८ टक्के भर पडेल, आणि २४ जुलै २०२५ ला सही झालेल्या भारताबरोबरच्या करारातून ०.१३ टक्के. भारताच्या बाजूने तो करार महत्त्वाचा आहेच. पण ४ टक्क्यांचा खड्डा अशा करारांनी भरत नाही, कारण शेजाऱ्याशी होणारा व्यापार लांबच्या व्यापारापेक्षा सहसा जास्त असतो. सेवांची निर्यात मात्र अपेक्षेपेक्षा बरीच चांगली टिकली, हेही सांगितले पाहिजे.

खोटे किंवा फुगवलेले आकडे दोन्ही बाजूंनी वापरले. बाहेर पडणाऱ्यांच्या लाल बसवर लिहिले होते की आठवड्याला ३५ कोटी पौंड संघाला जातात. तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी १९८४ मध्ये ब्रिटनच्या वर्गणीत मिळवलेली सवलत पैसे जाण्याआधीच वजा होत असे, त्यामुळे एवढी रक्कम कधी गेलीच नाही. २०१५ मध्ये सवलतीनंतर आठवड्याला सुमारे २५ कोटी जात होते, आणि त्यातलाही मोठा भाग शेतकऱ्यांच्या व मागास भागांच्या अनुदानांतून परत येई. दुसरीकडे, ब्रिटिश अर्थखात्याने मे २०१६ मध्ये सांगितले होते की नुसत्या निकालानेच मंदी येईल आणि बेरोजगारी सुमारे पाच लाखांनी वाढेल. तसे झाले नाही, बेरोजगारी उलट घटत गेली. त्या एका भाकितामुळे पुढची सगळी योग्य भाकिते लोकांना खोटी वाटू लागली, आणि ते नुकसान भरून आले नाही.

आता स्थलांतर. २००४ मध्ये पूर्व युरोपातले आठ देश संघात आले तेव्हा जुन्या सदस्यांना सात वर्षांपर्यंत कामगारांवर निर्बंध ठेवायची मुभा होती. जर्मनी आणि ऑस्ट्रियाने ती पुरेपूर वापरली. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने दारे लगेच उघडली. ब्रिटिश सरकारसाठी केलेला अंदाज वर्षाला ५ ते १३ हजार माणसांचा होता, आली त्याच्या कितीतरी पट. शिवाय संघाच्या नियमानुसार तीन महिन्यांनंतर नोकरी किंवा स्वतःचे उत्पन्न नसलेल्याला राहण्याचा बिनशर्त हक्क नव्हता, बेल्जियमसारखे देश त्यावर कारवाईही करत. ब्रिटनमध्ये रहिवाशांची नोंदच नव्हती, मग कोण किती दिवस आहे हे कळणार कसे? लिंकनशरमधल्या बॉस्टन या कोबी-फुलकोबीच्या पट्ट्यात बाहेर पडण्याच्या बाजूने ७५.६ टक्के मते पडली. त्या गावाची तक्रार खरी होती. दवाखाने, शाळा आणि भाड्याची घरे तेवढीच राहिली आणि लोकसंख्या झपाट्याने वाढली. पैसे लंडनहून यायला हवे होते, ते आले नाहीत.

युरोपबाहेरच्या माणसांचे व्हिसा तर कायमच लंडनच्या हातात होते. १ जानेवारी २०२१ पासून नवी गुणांवर आधारित पद्धत आली तेव्हा काय बदलले ते पाहा. आधी नोकरीच्या व्हिसाला पदवीच्या दर्जाचे काम आणि ३०,००० पौंड पगार लागे, वर्षाला २०,७०० ची कमाल मर्यादाही होती. नव्या पद्धतीत कामाचा दर्जा बारावीच्या आसपास आणला, पगाराची अट २५,६०० पौंड केली, मर्यादा काढून टाकली, आणि आधी स्थानिक उमेदवार शोधल्याचा पुरावा देण्याची अटही काढली. जुलै २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर दोन वर्षे काम करायची मुभा परत मिळाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये वृद्धांची सेवा करणाऱ्या केअर वर्करना व्हिसा खुला झाला. त्यातच हाँगकाँग आणि युक्रेनमधून येणाऱ्यांची सोय केली. संघातून येणाऱ्यांचे निव्वळ प्रमाण (आलेले वजा गेलेले) शून्याखाली गेले, आणि एकूण निव्वळ स्थलांतर नंतर दुरुस्त केलेल्या आकड्यांनुसार ९ लाखांच्या वर पोहोचले. सार्वमताच्या आधी जाहीर झालेला, ज्यावरून एवढे रान उठले तो आकडा ३.३३ लाख होता. २०२३ मध्ये येणाऱ्यांत सर्वात मोठा गट भारतीयांचा होता.

केअर व्हिसाची दशा वेगळी सांगायला हवी, कारण त्यात भारत, नायजेरिया आणि झिंबाब्वेमधली सामान्य माणसे पिळली गेली. प्रायोजक कंपनीचा, म्हणजे परदेशी कामगाराला नोकरी देऊन त्याच्या व्हिसाला आधार देणाऱ्या कंपनीचा, परवाना मिळवणे सोपे होते, तिच्याकडे खरोखर काम आहे का हे कोणी तपासत नव्हते. दलालांनी लाखो रुपये घेऊन माणसे पाठवली, पोहोचल्यावर तास मिळेनात. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात ४७० हून अधिक प्रायोजकांचे परवाने रद्द झाले, आणि त्यांच्याकडच्या कामगारांना नवा प्रायोजक शोधायला साधारण ६० दिवस. कर्ज काढून गेलेल्या माणसाला ६० दिवसांत काय सापडणार? आता मार्च २०२४ पासून त्यांना कुटुंब आणता येत नाही आणि २२ जुलै २०२५ पासून बाहेरून नवी भरती बंद आहे. त्यामुळे 'केअर व्हिसा मिळवून देतो' असे आज कोणी सांगत असेल तर ती फसवणूक समजावी.

पुढे आकडा खाली आला तोही नियम बदलूनच. जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार-मुले आणता येत नाहीत, पगाराची अट एप्रिल २०२४ मध्ये ३८,७०० आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० पौंड झाली, कामाचा दर्जा पुन्हा पदवीवर गेला. शिक्षणानंतरची दोन वर्षे जानेवारी २०२७ पासून दीड वर्षावर येणार आहेत, पीएचडी सोडून. खर्चही पाहून ठेवावा. आरोग्य अधिभार प्रौढाला वर्षाला १,०३५ आणि मुलाला ७७६ पौंड, सगळ्या वर्षांचा आगाऊ. नवरा-बायको आणि दोन मुले तीन वर्षांसाठी गेली तर फक्त अधिभारच १०,८६६ पौंड होतो, व्हिसाची फी वेगळी.

लहान बोटींतून इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्यांचा विषय यात सरमिसळ करून मांडला जातो. तो आश्रयाचा प्रश्न आहे. २०१८ मध्ये असे २९९ जण आले, २०२२ मध्ये ४५ हजारांहून जास्त. बाहेर पडल्याने इथे ब्रिटनचा हात उलट कमजोर झाला: डब्लिन नियमाखाली आश्रयार्थीला आधीच्या युरोपीय देशात परत पाठवायची जी सोय होती, ती गेली. ती फार प्रभावी नव्हती, पण तिच्याजागी काहीच राहिले नाही, आणि २०२५ मध्ये फ्रान्सबरोबर मर्यादित स्वरूपाचा 'एक परत, एक घ्या' करार करावा लागला.

बाहेर पडणाऱ्यांच्या बाजूने मी एक गोष्ट पूर्ण मान्य करतो. आपले कायदे आपण निवडलेल्या संसदेने करावेत, हा आग्रह अर्थशास्त्राने खोडून काढता येत नाही. आज व्हिसाचा निर्णय चुकला तर ब्रिटिश मतदाराला नेमके कोणाला घालवायचे हे कळते. २०२५ मध्ये अमेरिकेने शुल्के वाढवली तेव्हा ब्रिटनला बहुतेक मालावर १० टक्के आणि संघाला १५ टक्के दर मिळाला, हाही वेगळे असण्याचा फायदा होता. पुन्हा आत जायचे म्हटले तर सर्व सदस्यांची संमती लागेल आणि थॅचर यांची सवलत परत मिळण्याची आशा धरू नये. म्हणून १९ मे २०२५ च्या लंडन बैठकीत धरलेला रस्ता मला व्यवहार्य वाटतो: खाद्यपदार्थांचे नियम जुळवून वर सांगितलेली प्रमाणपत्रे कमी करायची, बदल्यात युरोपीय बोटींना २०३८ पर्यंत मासेमारीची मुभा.

गोव्याबद्दल. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेली व्यक्ती, तिची मुले आणि अनेकदा नातवंडेही लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिक होऊ शकतात. त्या पासपोर्टवर हजारो गोवेकर स्विंडन, साउथॉल, हाउन्स्लो इथे स्थिरावले. नोंदणीत नेहमी अडते ते आजोबांच्या जन्मदाखल्यावरच्या आणि लग्नाच्या नोंदीवरच्या नावाच्या स्पेलिंगवर, किंवा आई-वडिलांचे लग्न पोर्तुगालमध्ये नोंदवायचे राहून गेल्यावर. पण १ जानेवारी २०२१ नंतर पहिल्यांदाच ब्रिटनला जाणाऱ्याला हा पासपोर्ट राहायचा किंवा कामाचा हक्क देत नाही. त्यालाही इतरांसारखाच व्हिसा लागतो. पोर्तुगाल, आयर्लंड, जर्मनी यांसाठी तो आजही पूर्ण उपयोगाचा आहे. पोर्तुगीज नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व जाते आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड काढावे लागते, हे घरात सगळ्यांना आधी स्पष्ट सांगावे.

३१ डिसेंबर २०२० पूर्वी तिथे राहत असलेल्यांना ईयू सेटलमेंट स्कीमखाली राहण्याचा दर्जा मिळाला: 'प्री-सेटल्ड' म्हणजे तात्पुरता, 'सेटल्ड' म्हणजे कायमचा. 'प्री-सेटल्ड' असलेल्यांनी स्वस्थ बसू नये. जुलै २०२५ पासून गेल्या ६० महिन्यांपैकी एकूण ३० महिने ब्रिटनमध्ये राहिल्याचे दाखवता आले तरी 'सेटल्ड' दर्जा मागता येतो, म्हणून पगारपत्रके, कौन्सिल टॅक्सची बिले, शाळेची पत्रे जपून ठेवावीत. 'सेटल्ड' झालेला माणूस सलग पाच वर्षे बाहेर राहिला तर हक्क गमावतो. हा दर्जा कागदावर नसतो, ऑनलाइन असतो आणि पासपोर्टच्या क्रमांकाला जोडलेला असतो. नवा पासपोर्ट आला की त्याच आठवड्यात खात्यात क्रमांक बदलावा, नाहीतर दाबोळी किंवा मोपाला चेक-इनवरच विमान कंपनी अडवते. मागे राहिलेल्या जोडीदाराला बोलवायचे असेल तर लग्न किंवा नाते ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचे असल्याचा पुरावा लागतो. नंतर जन्मलेल्या मुलांना ही तारीख लागू नाही.